बूच जागेवर, तरी होडीत पाणी. आणि भर खाडीत बूच निघालंच तर?

ऐरोलीकर१६फूट

नमस्कार मंडळी,

१६ फुटी फायबरची होडी, मागे ४० हॉर्सपॉवरचं आऊटबोर्ड. ट्रान्समच्या (म्हणजे इंजिन लागतं ती मागची फळी) तळाशी मधोमध २५ मिलिमीटरचं ड्रेन होल. त्याला प्लॅस्टिकची चकती, तीन स्क्रूंवर बसवलेली. बूच रबरी, पितळी टी-हँडल पिळून घट्ट करायचं. वापर ऐरोली ते वाशी पूल आणि परत, जास्तीत जास्त चार माणसं.

अडचण अशी की तासाभराच्या फेरीनंतर ट्रेलरवर घेऊन बूच काढलं की ३५-४० लिटर पाणी निघतं. बूच दरवेळी जागेवर आणि घट्टच असतं. पाऊस नाही, लाटही आत येत नाही.

१) पाणी बुचातूनच येतंय की दुसरीकडून, हे घरी कसं तपासायचं?
२) लिव्हरवालं बूच घेऊ की पिळायचंच ठेवू?
३) उद्या खाडीच्या मध्यावर बूच निघालंच, तर कशानंतर काय करायचं आणि त्यासाठी होडीत काय काय ठेवायचं?

---

फायबर_मिस्त्री

पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्या आकड्यातच आहे. २५ मिमीचं भोक पाण्याखाली २० ते ३० सेंटीमीटरवर उघडं असेल तर मिनिटाला साधारण ३५ ते ४५ लिटर पाणी आत येतं. तुमच्याकडे तेवढं पाणी यायला एक तास लागतोय. म्हणजे बूच निघालेलं नाही, कुठेतरी झिरपतंय. त्याच खोलीवर तासाला ४० लिटर द्यायला जेमतेम ३ मिमीचं भोक पुरतं. ३ मिमी म्हणजे काय? त्या चकतीच्या स्क्रूचं भोक. माझा पहिला संशय तिथेच.

तपासणी पाण्यात नको, ट्रेलरवर करा. ट्रेलरचा पुढचा पाय वर घेऊन होडीचं नाक उचला, म्हणजे पाणी मागेच साठेल आणि ८०-१०० लिटरमध्ये भागेल. अख्खा तळ भरू नका, २०० लिटर म्हणजे २०० किलो, ते ट्रेलरच्या पाट्यांवर येतं. बूच लावा. ट्रान्सम बाहेरून फडक्याने खडखडीत कोरडी पुसा आणि चकतीभोवती, स्क्रूंच्या डोक्यांवर, इंजिनच्या खालच्या बोल्टांभोवती फळ्यावरचा साधा पांढरा खडू घासा. मग आत पाणी सोडून वीस मिनिटं थांबा. जिथून ओल येते तिथला खडू आधी करडा पडतो, मग त्यातून एक बारीक रेघ खाली उतरते. थेंब दिसायच्या आधी खडू सांगतो. रेघ बुचाच्या रबराकडून निघाली तर दोष बुचाचा, चकतीच्या कडेखालून निघाली तर सीलंटचा, स्क्रूच्या डोक्यातून निघाली तर आतल्या प्लायची (फायबरच्या थरांमधलं प्लायवूड) काळजी करा.

खडू कोरडाच राहिला तर पाणी वरून येतंय. इंजिनच्या पुढचा खळगा रिकामा करणाऱ्या नळ्या, केबल आत जाते तो रबरी बूट, आणि बिल्ज पंपाची (तळातलं पाणी बाहेर फेकणारा पंप) बाहेरची तोटी पाहा. माणसं मागे बसली की ही भोकं पाण्याखाली जातात आणि रिकाम्या होडीत कधीच सापडत नाहीत. (आतलं पाणी खारं की गोडं हे चाखून ठरवायचा सल्ला कुणी देईल. ठाणे खाडीचं पाणी चाखू नका. गाळाचा थर बसला तर खाडीचं, नितळ असेल तर आइसबॉक्सचं.)

चकतीचा दोष निघाला तर नुसता वरून सिलिकॉनचा थर मारू नका. सिलिकॉन सुटतं, आणि त्याचा तेलकटपणा उरला की त्यावर दुसरं काही धरत नाही. चकती काढा, जुना मसाला पूर्ण खरवडा. प्रत्येक स्क्रूच्या भोकात बारीक पेचकस टोचून बघा. कोरडं प्लाय कडक लागतं, कुजलेलं असेल तर पेचकस लोण्यासारखा आत जातो आणि टोकाला काळपट भुगा येतो. प्लाय चांगलं असेल तर भोकं ७-८ मिमीपर्यंत मोठी करून घट्टसर इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यातच नवीन पायलट भोक पाडा. म्हणजे स्क्रू लाकडात नाही, इपॉक्सीत बसेल आणि पुढे गळला तरी प्लायला पाणी लागणार नाही. ड्रेन होलची आतली गोलाईसुद्धा इपॉक्सीने रंगवून घ्या, कारखान्यातून ती बहुतेकदा उघडीच येते. चकती पॉलियुरेथेन मरीन सीलंटवर बसवा, स्क्रू स्टेनलेस ३१६. सगळीकडून मसाल्याची सारखी कड बाहेर येईपर्यंतच आवळा. पूर्ण पिळलंत तर सगळा मसाला बाहेर जातो आणि चकतीखाली काहीच उरत नाही.

बुचाबद्दल. पिळायचं बूच वाईट नाही, पण त्याचं रबर एकाच आकारात बसून राहतं. काढून ठेवताना हँडल सैल करून ठेवायचं, आवळलेलं ठेवलं की रबर फुगलेलंच कडक होतं. सैल असताना ते भोकात थोडं अडत जायला हवं. सुळकन गेलं तर एक माप लहान आहे. आवळल्यावर अख्खं बूच बोटांनी फिरवून बघा, फिरलं तर घट्ट नाही. लिव्हरवाल्यात घट्टपणा टोकाच्या नटावर ठरवायचा, लिव्हर अंगठ्याने जोर लावूनच बंद व्हायला हवी. पण ते बाहेरून लावू नका. बाहेर राहिलेल्या लिव्हरला जाळ्याचा धागा किंवा ट्रेलरचा पट्टा अडकला की ती उघडते. रबर निओप्रीनचं किंवा नायट्राइलचं घ्या. साधं रबर तळातल्या पेट्रोल-ऑइलच्या तवंगाने फुगून मऊ पडतं. किंमत किरकोळ आहे, दर पावसाळ्यानंतर बदला.

---

दिवाळे_नाखवा

मिस्त्रींनी सुकं काम सांगितलं, मी ओलं सांगतो.

होडी जड वाटायला लागली, वळताना आळसटली, किंवा वेग घेताना नाक वर जाऊन खालीच येईना, तर तळात पाणी आहे असंच समजा आणि फळी उचलून बघा. पायाला पाणी लागेपर्यंत थांबलात तर तोवर दोन-तीनशे लिटर भरलेलं असतं. हे वजन एका जागी बसत नाही. माणूस डावीकडे सरकला की पाणीही डावीकडे धावतं. होडी बुडते त्याच्या आधी कलंडते ती यामुळेच.

पहिलं काम लाइफ जॅकेट. सगळ्यांच्या अंगात, पट्टे बांधून. भोक शोधायच्या आधी. नंतर वाकून काम करताना कुणाला आठवत नाही.

दुसरं, थ्रॉटल एकदम बंद करायचा नाही. मागची लाट तशीच पुढे येते आणि ट्रान्समवरून आत पडते. हळूहळू कमी करा. इंजिनजवळ एकच माणूस, बाकीचे पुढे. मागचा भाग जेवढा वर येईल तेवढं भोकावरचं पाणी कमी.

तिसरं, एकाने उपसायला बसायचं आणि दुसऱ्याने भोक बघायचं. तळाच्या मधोमध हात घालून चाचपा, पाण्याची धार हाताला थंड लागते. जादा बूच असेल तर आतूनच घाला आणि पिळा. पिळायच्या बुचाचा मोठेपणा हाच, की ते आतून लागतं आणि पाणी ढकलत असलं तरी फुगून धरतं. लाकडाची खुंटी किंवा चिंधीचा बोळा मात्र आतून लावला की पाणी त्याला परत ढकलतं, कुणीतरी धरून बसावं लागतं. बाहेरून लावला तर पाणीच त्याला आत दाबतं. पण बाहेरून लावायचं म्हणजे माणूस इंजिनच्या पंख्याजवळ (प्रोपेलर) जाणार. इंजिन बंद, किल-स्विचची दोरी (जी ओढली की इंजिन बंद पडतं) काढून खिशात, आणि मगच हात किंवा माणूस मागे. यात सूट नाही.

खुंटी पांगाऱ्याची किंवा तसल्याच हलक्या, मऊ लाकडाची करा. सागवान नको, ते दबत नाही. लांबी १२ सेंटीमीटर, एक टोक १५ मिमी, दुसरं ४० मिमी. जाड टोकाला भोक पाडून दोरीने होडीच्या कडीला बांधा. ओल्या सुती पंचाची एक घडी गुंडाळून ठोकली तर वाकड्यातिकड्या भोकातही बसते. नायलॉनचं कापड नको, ते पाणी पीत नाही आणि सुळकन सुटतं. कपडे धुवायची साबणाची वडी पण ठेवा. मळून स्क्रूच्या भोकात किंवा बारीक चिरेत दाबली की किनाऱ्यापर्यंत पोचवते. एम-सील किनाऱ्यावरचं काम आहे, वाहत्या पाण्यात ते घट्ट व्हायची वाट कोण बघणार?

भोक बंद झालंच नाही तर ठाणे खाडीत एक सोय आहे, जी मोकळ्या समुद्रात नाही. दोन्ही काठांना गाळाचे पट्टे आहेत. होडी सरळ जवळच्या गाळावर घाला. बुडण्यापेक्षा रुतलेली बरी. ओहोटी असेल तर भरतीचं पाणी परत येईपर्यंत तिथेच बसावं लागेल, एवढंच. उतरून चालत काठ गाठायचा विचार करू नका, त्या गाळात माणूस मांडीपर्यंत जातो आणि आत कालवांच्या शिंपा ब्लेडसारख्या असतात. होडीतच बसा. पाणी उतरून भोक उघडं पडलं की तेव्हाच गाळ धुऊन बूच पक्कं लावा. ते राहिलं तर रुतलेली होडी भरतीला उचलली जात नाही, जागेवरच भरते.

उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीचा ओढ फार असतो. इंजिन बंद पडलेली होडी वल्ह्याने उलटी नेता येत नाही, ती पुलांच्या खांबांकडे जाते. म्हणून नांगर आणि दोरी हवीच, दोरी खोलीच्या निदान पाचपट. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, ओढ कमी, नवशिक्याने तेव्हा जावं. भरती-ओहोटीच्या वेळा छापलेल्या असतात त्या अपोलो बंदरच्या. खाडीत आत पाणी थोडं उशिरा फिरतं.

नंबर फोनमध्ये नको, होडीच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, आणि ११२. वायरलेस असेल तर चॅनल १६. फोनवर बोलताना नुसतं 'खाडीत आहे' सांगू नका. कुठला पूल, त्याच्या ठाण्याच्या अंगाला की समुद्राच्या अंगाला, आणि कुठल्या काठाजवळ, एवढं सांगा.

---

फुल_थ्रॉटल

एवढं सगळं कशाला? होडी प्लेनवर घ्यायची (म्हणजे वेगात पाण्याच्या वर उचलून सरकवायची) आणि बूच काढून टाकायचं. चालत्या होडीत ड्रेन होल पाणी बाहेर ओढतं, दोन मिनिटांत तळ कोरडा.

---

दिवाळे_नाखवा

फुल_थ्रॉटल भाऊ, शास्त्र बरोबर आहे, सल्ला अर्धवट आहे. होडी प्लेनवर असली की पाणी ट्रान्समपासून तुटतं, भोक उघडं पडतं आणि आतलं पाणी मागे निघून जातं, हे खरं. पण त्यासाठी होडी आधी प्लेनवर यायला हवी. तळात तीनशे लिटर असेल तर वेग देताच ते सगळं मागे धावतं, मागचा भाग बसतो, नाक आभाळाकडे आणि होडी तिथेच अडते. मग उलट ट्रान्समवरूनच पाणी आत.

दुसरं म्हणजे ही खाडी आहे. डोल जाळ्यांचे खुंट, तरंगतं प्लॅस्टिक, ओहोटीला उघडे पडणारे उंचवटे. कशासाठी तरी वेग कमी करावा लागणारच, आणि केला की त्याच भोकातून पाणी परत. बूच हातातून निसटलं तर? थोडं पाणी आहे, होडी प्लेनवर येतेय, पुढे मोकळं आहे आणि बूच आधीच निघालेलं आहे, अशा वेळी न थांबता धक्क्याकडे किंवा रॅम्पकडे निघणं शहाणपणाचं. लावलेलं बूच मुद्दाम काढायचं नाही.

---

नेरुळ_वायरमन

पंपाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून.

लहान होड्यांवर बहुतेक ५०० जीपीएचचा पंप असतो. म्हणजे अमेरिकन गॅलनमध्ये तासाला ५००, आपल्या हिशेबात मिनिटाला ३१ लिटर, तेही डब्यावर लिहिलेलं. पाणी मीटरभर वर चढवायचं आणि घड्या पडलेल्या पायपातून न्यायचं म्हटलं की हातात २० च्या आसपास येतं. मिस्त्रींचा आकडा ३५ ते ४५ आहे. म्हणजे उघड्या भोकापुढे हा पंप हरतो, फक्त थोडा वेळ मिळवून देतो. ११०० जीपीएचचा घेतला तर डब्यावर मिनिटाला ६९ आणि प्रत्यक्षात ४०-४५, जेमतेम बरोबरी. झिरपणाऱ्या पाण्याला ५०० वाला भरपूर आहे, आणि धोका नेमका तिथेच आहे. पंप गपचूप पाणी फेकत राहतो आणि गळती वाढतेय हे कळत नाही. म्हणून फ्लोट स्विचच्या (पाणी चढलं की तरंगून पंप चालू करणारा स्विच) पुढे, पंपाला समांतर एक लाल दिवा किंवा बझर जोडा, स्टिअरिंगजवळ. पंप चालला की कळलं पाहिजे.

पंपाची वायर मेन स्विचच्या आधी थेट बॅटरीवर घ्या, बॅटरीजवळ फ्यूज टाकून. मेन स्विच बंद करून होडी बांधून गेलात तरी पंप जिवंत राहतो. फ्यूज पंपाच्या कागदावर लिहिलेल्या अँपिअरचाच, हाताला लागेल तो नाही. सांधे नुसते पिळून टेप लावू नका, आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह वापरा आणि सांधा तळापासून वर ठेवा. बॅटरीही तळात नको, पेटीत घालून चौथऱ्यावर बांधा. पाणी बॅटरीपर्यंत आलं की पंप, इंजिनचा स्टार्टर आणि वायरलेस तिन्ही एकदम जातात.

पाईप आतून गुळगुळीत घ्या. बाहेरची तोटी पाण्याच्या रेषेपासून निदान २० सेंटीमीटर वर हवी, आणि पाईप आधी वर चढवून मग तोटीला उतरवा, नाहीतर पंप बंद झाल्यावर सायफनने खाडीच आत येते. आपल्याकडचा गाळ फ्लोटवर बसून तो जड होतो, महिन्यातून एकदा हाताने उचलून बघा. जाळीत गुटख्याची पुडी आणि मांज्याचे तुकडे हमखास सापडतात.

आणि बादली. दहा लिटरची अर्धी-पाऊण भरून मिनिटाला दहा वेळा टाकली तर ६०-७० लिटर होतात. दहा मिनिटांत माणूस थकतो, पण ती दहा मिनिटं कुठल्याही पंपापेक्षा भारी. फळीखालच्या अरुंद जागेत बादली शिरत नाही, त्यासाठी पाच लिटरचा ऑइलचा कॅन तिरका कापून ठेवा. झाकण घट्ट, मूठ वर, झाली सुपली.

---

कोलशेतचा_कायाकी

थोडं विषयांतर, पण इथे कायाकवालेही वाचतात. सिट-ऑन-टॉपला (वर बसायची बंद कायाक) आरपार भोकं असतात ती वेगळी, त्यांतून वर पडलेलं पाणी निघून जातं. ड्रेन प्लग वेगळा, सहसा टोकाकडे, आटे असलेला, खाली रबरी वायसर. वाळूचा एक कण वायसरखाली राहिला की प्लग घट्ट लागतो आणि गळत राहतो. लावायच्या आधी वायसर बोटाने पुसा.

हा प्लग विसरला का जातो, त्याला एक ठरलेलं कारण आहे. मे महिन्यात गाडीच्या टपावर कायाक बांधताना प्लग उघडा ठेवतात, कारण आतली हवा तापून फुगते आणि प्लॅस्टिकला ताण येतो. ठेवणं बरोबरच आहे, पण तो प्लग गाडीच्या डॅशबोर्डवर राहतो. वल्ह्यालाच दोरीने अडकवा. वल्ह्याशिवाय कुणी पाण्यात जात नाही.

---

चावीवाला

+१. होडीलाही तेच. इंजिनची किल्ली आणि बूच एकाच कडीत, मध्ये तरंगणारा बॉल. बूच काढलं की किल्ली त्याच्याबरोबर जाते. किल्ली लावायची तर कडी हातात घ्यावीच लागते. ट्रेलर रॅम्पवर उलटा नेण्याच्या आधी, सपाटीवर लावा. रॅम्पवर मागे दोन गाड्या हॉर्न मारत असतात, तिथेच माणूस विसरतो.

आणि पावसाळ्यात उलटं. ट्रेलरवर उभी असेल तर बूच काढून, नाक वर. उघड्या १० चौरस मीटर होडीवर १०० मिमी पाऊस म्हणजे १००० लिटर, एक टन. जुलैत असा दिवस उजाडायला काही लागत नाही. ट्रेलरचे टायर आधी बसतात. भोकात सुकं पान अडकतं, आठवड्याला तार घालून बघा.

---

ऐरोलीकर१६फूट

सगळ्यांचे आभार. खडू लावून पाहिलं. बूच कोरडं. खालच्या डाव्या स्क्रूच्या डोक्यातून रेघ आली. काढल्यावर पेचकस साधारण १ सेंटीमीटर मऊ गेला, मग कडक लागलं. बाकी दोन कोरडे. किती दिवस सुकवू? आणि गल्लीतला प्लंबिंगवाला म्हणतो रबरी भानगड सोडा, अर्धा इंची पितळी आट्याचा प्लग बसवून देतो.

---

फायबर_मिस्त्री

एकच सेंटीमीटर असेल तर लवकर सापडलं म्हणायचं. मऊ भाग भोकातूनच कोरून काढा, कडक लाकूड लागेपर्यंत. मग सुकवायचं. दिवसांवर जाऊ नका, होडी छपराखाली ठेवून १०० वॉटचा पिवळा बल्ब भोकापासून वीतभर लांब लावा आणि रोज टिश्यूची वळी भोकात रात्रभर ठेवा. सलग तीन सकाळी ती कोरडी निघाली की भरा. हीट गन नको, फायबरचा थर प्लायपासून सुटतो. आधी पातळ इपॉक्सी आत मुरवा, ते चिकट असतानाच वरून घट्टसर भरा. सीलंट लावल्यावर ट्यूबवर लिहिलेली मुदत पूर्ण होईपर्यंत पाण्यात नाही.

पितळी प्लगबद्दल, घाई नको. बाहेरून येणाऱ्या बोटींच्या ड्रेन फिटिंगला बहुतेक एनपीटी (अमेरिकन मापाचे) आटे असतात, आपल्या प्लंबिंगला बीएसपी (ब्रिटिश मापाचे). अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे, त्यामुळे एकाचा प्लग दुसऱ्यात जातो, घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आट्यांचा कोन एकाचा ६० अंश आणि दुसऱ्याचा ५५, म्हणून टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळली तरी झिरपतो. फिटिंग आणि प्लग जोडीनेच घ्या, आणि जादा प्लग त्याच वेळी. साधं पितळ खाऱ्या पाण्यात जस्त गमावतं, गुलाबी दिसायला लागलं की ठिसूळ झालं समजा. घ्यायचंच तर ब्राँझ किंवा स्टेनलेस. (अॅल्युमिनियमच्या होडीत मात्र पितळ-ब्राँझ दोन्ही नको, शेजारचं अॅल्युमिनियम खाल्लं जातं.)

आणि अर्धा इंची भोकातून आपला गाळ निघत नाही, तुंबतो. तुमचं २५ मिमीच राहू द्या.